ओल कुठे थांबते

कोपऱ्यातली मोठी कुंडी आम्ही दोघांनी मिळून उचलली, तर तिच्याखाली काळं कडं उमटलेलं. ते असणार हे ठाऊकच होतं; कुंडी तीन वर्षांत जागची हलली नव्हती. हातात पेचकस होता. त्याचं टोक मी कड्याच्या मधोमध सहज टेकवलं आणि ते आत गेलं. जोर लावावाच लागला नाही. ओल्या पुठ्ठ्यात रुतावं तसं अर्धा इंच रुतलं, आणि बाहेर काढलं तेव्हा टोकाला ओलसर चोथा चिकटून आला.

त्या दिवशी मला डेक नुसता धुवायचा होता. घराच्या मागच्या दाराबाहेरचा हा आमचा लाकडी डेक, १४ फूट लांब, १० फूट रुंद, जमिनीपासून दोन फूट उंच. वरच्या फळ्या सागवानी, खालचे वासे दुसऱ्या लाकडाचे. बांधून ९ वर्षं झाली. आईची सकाळ तिथेच सुरू होते, मुलीचा अभ्यास तिथेच होतो, दिवसभराचं काम आटोपलं की आम्ही दोघं तिथेच येऊन टेकतो. आदल्या आठवड्यात पायरीजवळच्या शेवाळावरून आईचा पाय सरकला. तिने कठडा धरला म्हणून पडली नाही. तेव्हा शेवाळ काढायचं, डेक घासून धुवायचा आणि तेलाचा एक हात द्यायचा, एका रविवारी उरकेल, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले, आणि त्यातले बरेच दिवस लाकूड वाळायची वाट बघण्यात गेले.

याआधी दोनदा मी हा डेक साफ केला होता आणि दोन्ही वेळा चुकले होते. पहिल्यांदा भाड्याने प्रेशर वॉशर आणला. धारेखाली राखाडी थर असा निघत होता की हात थांबवावासा वाटेना. ओला डेक नव्यासारखा दिसला. वाळल्यावर पाहिलं तर फळ्यांवर लव उभी राहिली होती. लाकडाच्या वाढीच्या रेषांमध्ये एक पट्टा मऊ असतो, त्याला लागून टणक. जोराची धार मऊ पट्टा खरवडून नेते, टणक तसाच राहतो, आणि फळी हाताला पन्हळी पत्र्यासारखी लागते. अनवाणी चालताना मुलीच्या तळपायात फास गेली. त्या बारीक खोबणींत पाणी रेंगाळायला लागलं आणि शेवाळ आधीपेक्षा लवकर परत आलं. आता ते यंत्र मी फक्त माती वाहून घालवायला वापरते: पंख्यासारखा पसरट फवारा, कमीत कमी दाब, आणि तोंड फळीपासून हातभर लांब. नुसत्या नळीने भागत असेल तर तेही नाही.

दुसरी चूक तेलाची, ती पुढे सांगते.

पेचकस रुतला आणि धुण्याचा बेत बाजूला पडला. पाणी इथे का थांबलं, आणि आणखी कुठे थांबत असेल, हे आधी कळायला हवं होतं. लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं. बुरशीला हवा, ऊब, ओल आणि खाणं लागतं. खाणं म्हणजे लाकूडच. हवा आणि ऊब आपल्या हातात नाही. उरते ती ओल. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणजे डेक भिजतो याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. उघड्यावरचं लाकूड भिजणारच. भिजल्यावर ते वाळतं की नाही, एवढंच बघायचं.

म्हणून मी एक साधी गोष्ट केली. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी ऊन आल्यावर खडू घेऊन डेकवर गेले, आणि दर तासाला जाऊन जी जागा अजून गडद दिसेल तिच्याभोवती रेघ मारली. दुपारपर्यंत फळ्यांची पाठ पांढुरकी झाली होती. पण काही जागा हटेनात: जिथे फळी खालच्या वाशावर टेकते तिथल्या फटींच्या कडा; कुंड्यांच्या जागा; पायपुसण्याच्या रबरी पाठीखालचा चौकोन; पायरीच्या वरच्या फळीची दोन्ही टोकं; आणि भिंतीला लागून गेलेली अख्खी कड. हा खडूचा नकाशा मी फोनमध्ये फोटो काढून ठेवला. पुढची सगळी कामं त्याच्यावरून केली.

सगळ्यात जास्त वेळ फटींनी खाल्ला. दोन फळ्यांमधली फट पाणी खाली जावं आणि खालून हवा वर यावी म्हणून ठेवलेली असते. आमच्या फटी वरून मोकळ्या दिसत होत्या, पण वाशाच्या माथ्यावर आल्या की तिथे पानं, बिया, माती आणि केस यांचा घट्ट लगदा बसला होता. एका ठिकाणी तर रोप उगवून आलं होतं. हा लगदा स्पंजासारखा असतो: तासाभराच्या पावसात भिजतो आणि चार दिवस लाकडाला ओला शेक देत राहतो. रंगाऱ्यांची पातळ पत्र्याची पट्टी घेऊन मी एकेक फट उकरत गेले. पट्टीचं टोक थोडं वाकवून घेतलं की लगदा आकड्यासारखा ओढून वर काढता येतो. खाली ढकलला तर तो वाशावरच बसतो. २९ फळ्या, प्रत्येक फट सात वाशांवरून जाते. दोन संध्याकाळी आणि एक सकाळ त्यात गेली. आई खुर्ची टाकून शेजारी बसली आणि कुठली फट झाली, कुठली राहिली ते सांगत गेली.

लगदा निघाला तशी मी प्रत्येक सांध्यावर टोच्या टेकवून बघत गेले. धड लाकूड टोच्याला टक्क उत्तर देतं, टोक आत शिरत नाही. कुजकं लाकूड आवाजच करत नाही. आणखी एक खूण आहे: टोक खुपसून वर उचकटलं तर निरोगी लाकडाचा लांब कुसा निघतो, कुजलेल्याचा आखूड तुकडा पटकन तुटतो. एकूण दोन फळ्या मऊ लागल्या, आणि कुंडीखालच्या वाशाचा माथासुद्धा.

मग डेकच्या खाली शिरले. नऊ वर्षांत मी एकदाही खाली पाहिलं नव्हतं, आणि आज मला विचाराल तर सुरुवात तिथूनच करा. खाली आम्ही उरलेल्या फरशा, जुने पाइप, तुटकी खुर्ची असं सारं सरकवून ठेवलं होतं. दोन बाजूंनी त्या सामानाची भिंतच झाली होती, हवा खेळायला वावच नव्हता. टॉर्च मारल्यावर वाशांच्या बाजूवर पांढरट बुरशीची जाळी दिसली. वाशाच्या पट्ट्यांवर गंजाचे फुगे आले होते, पण हातोडीने ठोकून पाहिल्यावर पट्ट्या पक्क्या होत्या. डेक घराच्या भिंतीला जिथे बोल्टने जोडलेला आहे ती तुळई मी खास बघितली, कारण डेक कोसळतात तेव्हा बहुतेक वेळा ते याच जोडापासून सुटतात. तिथे सुदैवाने लाकूड धड होतं. वरच्या अंगाला मात्र मातीचा बांध तयार झाला होता. तो काढला, बोल्ट पान्ह्याने आवळले. सगळं सामान बाहेर काढलं. ते काढल्यावर दोनच दिवसांत खालचा कोंदट वास गेला.

फळ्या बदलायच्या कामाला मी आमच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी कुजलेली फळी उपटून उभी धरली आणि म्हणाले, “ताई, हिला ओल लागली तशी हिच्या शेजारणीलाही लागली. ती का नाही कुजली, ते बघा.” फळीची एक बाजू पिवळसर पांढरी होती. झाडाच्या बाहेरच्या अंगाचं ते लाकूड. झाड जिवंत असताना मुळांकडचं पाणी वर नेतं ते हे. सुतार त्याला नुसतं ‘पांढरं’ म्हणतात. सागाची जी टिकाऊपणाची ख्याती आहे ती आतल्या गाभ्याची. पांढरं कुठल्याही झाडाचं असो, ओलीत टिकत नाही. शेजारची फळी सगळी गाभ्याची होती. वरून दोन्ही सारख्याच राखाडी दिसत होत्या.

मी विचारलं, “काका, कुजलं आहे तेवढाच तुकडा कापून नवा बसवला तर?”

“दोन नवी टोकं तयार होतील. टोकं म्हणजे लाकडाची पाणी प्यायची तोंडं. पूर्ण फळी घाला.”

त्यांचं म्हणणं अगदी शब्दशः खरं आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. बाजूने पाणी हळू मुरतं, पण कापलेल्या टोकाकडून ते नळीत चढावं तसं आत शिरतं. फळ्यांची टोकंच आधी काळी पडतात आणि चिरतात ती म्हणूनच. नव्या फळ्यांची टोकं आम्ही बसवण्याआधी मेणाच्या सीलरने बंद केली. जुन्या फळ्यांच्या टोकांनाही, ती पूर्ण वाळल्यावर, तोच उपाय केला.

वाशाचा माथा काकांनी पटाशीने धड लाकूड लागेपर्यंत तासला आणि जोडीला तेवढ्याच उंचीचा नवा वासा बोल्टने बसवला. दोन्हींच्या माथ्यावर ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी पसरली. फळीचा स्क्रू तिच्यातून खाली गेला की रबर स्क्रूला घट्ट बिलगतं आणि भोकातून पाणी उतरत नाही. ही पट्टी डेक बांधतानाच सगळ्या वाशांवर घातली असती तर यंदाचं निम्मं काम निघालंच नसतं. आता बाकीच्या वाशांवर घालायला सगळ्या फळ्या उचकटाव्या लागतील. ते यंदा केलं नाही.

जुने स्क्रू लोखंडाचे होते, वरचा जस्ताचा मुलामा केव्हाच उडालेला. प्रत्येकाभोवती निळसर काळं वर्तुळ पडलं होतं. मी त्याला बुरशी समजत आले होते. ते स्क्रूचं लोह आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, यांच्या मेळातून होतं. पूर्वी लिहायची काळी शाई याच दोन गोष्टींपासून करत. नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घातले. समुद्रकाठी घर असेल तर त्यातली ३१६ प्रत घ्यावी, खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. फळ्यांना आधी भोकं पाडून घेतली, नाहीतर टोकाशी सागवान चिरतं. फट राखायला ५ मिलिमीटर जाडीचे खिळे मध्ये उभे धरले. फळी ओलीने रुंदीत फुगते आणि वाळली की आक्रसते, लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. ही जागा तिला सोडावीच लागते.

आता कुठे धुण्याची पाळी आली.

घरातलं साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मी मुद्दाम टाळलं. त्याने काळपटपणा भराभर जातो, पण ते लाकडाचे तंतू कमकुवत करतं, स्क्रू-पट्ट्या गंजवतं आणि खालच्या झाडांना जाळतं. मी सोडियम परकार्बोनेट घेतलं. कपड्यांचे डाग काढायच्या पुष्कळ पावडरींत तेच असतं. कोमट पाण्यात विरघळलं की त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोडा मळ आणि जुनं तेल सोडवतो, पेरॉक्साइड शेवाळ-बुरशीचा रंग उडवतं. शेवटी उरतात सोडा, पाणी आणि ऑक्सिजन. एका लिटरला साधारण ६० ग्रॅम घेतलं. हे द्रावण लागेल तेवढंच करायचं, काही तासांत त्याचा जोर ओसरतो. आणि उरलेलं झाकणबंद बाटलीत भरून ठेवायचं नाही, कारण आत वायू साठत जातो आणि बाटली फुटू शकते.

आधी कुंडीमागच्या, सहसा नजर जात नाही अशा कोपऱ्यात वीतभर जागेवर करून पाहिलं. मग ढगाळ सकाळ बघून कामाला लागले. डेकच्या कडेची झाडं अगोदर पाण्याने चिंब केली, म्हणजे थोडं द्रावण उडालं तरी पातळ होतं. डेकही ओला केला. एका वेळी चार फळ्या घेतल्या, द्रावण ओतलं, १५ मिनिटं राहू दिलं. मध्ये कुठे वाळतंय असं दिसलं की पाणी शिंपडलं. ते लाकडावर वाळता कामा नये, म्हणूनच ऊन नको. बारीक बुडबुडे यायला लागले आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं.

घासायला नायलॉनचा मऊ ब्रश वापरला. तारेचा ब्रश डेकवर आणूच नये. त्याचे लोखंडी कण तंतूंत अडकतात आणि पहिल्या पावसात प्रत्येक कणाचा काळा ठिपका होतो. घासण्याच्या दिशेबद्दल काकांशी माझं बोलणं झालं. ते म्हणाले, रेषांच्या दिशेने. मी वाचलं होतं की नौकांवरच्या सागवानी डेकला रेषांना आडवं आणि हलक्या हाताने घासतात, कारण रेषांच्या दिशेने ब्रशाचे केस मऊ पट्ट्यात उतरून तो उकरत जातात. माझ्या फळ्यांचा मऊ पट्टा एकदा यंत्राने गेलाच होता. म्हणून मी आडवं घासलं, जोर न लावता, दोन फेऱ्यांत. फळ्या वाळल्यावर लव उभी राहिली नाही. काका येऊन हात फिरवून गेले आणि त्यांना ते पटलं.

धुऊन झाल्यावर डेक स्वच्छ होता, पण गडद, तपकिरी, उदास. सोड्याने सागवान असंच काळवंडतं. दोन वर्षांपूर्वी याच टप्प्यावर मला वाटलं होतं की लाकूडच जुनं झालं. यावर उपाय ऑक्झॅलिक आम्ल. एका लिटर पाण्यात ३० ग्रॅम, ओल्या फळीवर ब्रशने लावलं, आणि डोळ्यांसमोर रंग बदलला. दहा मिनिटांत तपकिरी उतरून मधासारखा पिवळा आला. स्क्रूभोवतीची निळी-काळी वर्तुळं पुसट होत गेली आणि बहुतेक ठिकाणी दिसेनाशी झाली; आम्ल त्या काळ्या रंगातलं लोह सोडवून घेतं आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं. लाकडात मागे राहिलेला सोडाही त्याने शमतो. मी खरोखर उठून उभी राहिले आणि आईला हाक मारली.

पण हे आम्ल विषारी आहे. लांब हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि पावडर पाण्यात टाकताना नाकावर मास्क, कारण तिची धूळ श्वासात जाते. मुलीला आणि कुत्र्याला त्या दिवशी घरातच ठेवलं. शेवटी भरपूर पाण्याने दोनदा धुतलं. आणि एक गोष्ट कधीही करू नये: जिथे ब्लीच वापरलं आहे तिथे हे, किंवा कुठलंच आम्ल, ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मग वाट बघणं. याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे, पण माझ्या मते अख्ख्या कामात धीर लागतो तो इथेच. हाताला फळी दुसऱ्या दिवशीच कोरडी लागते. आतली ओल मोजायला मी दोन सुयांचं छोटं मीटर आणलं. सुया लाकडात रुतवल्या की त्यांच्यामधल्या विजेच्या अडथळ्यावरून ते ओलीचा टक्का दाखवतं. दुसऱ्या दिवशी आकडा आला २४. चौथ्या दिवशी १९. सहाव्या दिवशी पाऊस आला आणि आकडा पुन्हा वर गेला. मी १४ दिसेपर्यंत थांबले, त्याला एकूण १३ दिवस लागले. ओल्या लाकडाच्या नळ्या पाण्याने भरलेल्या असतात; त्यांत तेलाला शिरायला जागाच नसते. वरून लावलेलं तेल मग ओल आत कोंडतं, आणि आपण जपणूक म्हणून केलेली गोष्ट कुजायला मदत करते.

वाळलेल्या फळ्यांवर ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, रेषांच्या दिशेने, हलकेच, उठलेले तंतू बसतील एवढाच. त्याहून बारीक कागदाने गुळगुळीत करायचा मोह होतो, पण तसं केलं की लाकडाची तोंडं मिटतात आणि तेल वरच राहतं. पायाखालची पकडही जाते. सागवानाची धूळ नाका-घशाला आणि काहींच्या कातडीला झोंबते, मास्क हवाच. तुमचा डेक जुना असेल आणि फळ्यांना हिरवट रसायनाची प्रक्रिया केलेली असेल तर मात्र आधी चौकशी करा: जुन्या प्रक्रियांत तांबं आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिकही असे. तसं लाकूड घासू नये आणि जाळूही नये.

तेल लावायचंच का, यावर मी बराच विचार केला. राखाडी रंग हा काही रोग नव्हे. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे फिकट तंतूंचा कागदासारखा पातळ थर उरतो. त्याच्याखाली लाकूड जसंच्या तसं असतं. चांगल्या गाभ्याचं सागवान राखाडी ठेवलं तरी वर्षानुवर्षं टिकतं, आणि ज्यांना तो रंग आवडतो त्यांनी नुसती सफाई करत राहावी, काही बिघडत नाही. तेलाने कुजणं थांबतं असंही नाही. फटीतला लगदा तसाच ठेवून कितीही हात दिले तरी वासा जायचा तो जातोच. मी तेल लावलं ते पाणी जरा हळू मुरावं आणि उन्हातान्हात फळ्या कमी चिराव्यात म्हणून. आणि आईला तो मधाळ रंग आवडला होता.

व्हार्निश घेतलं नाही. त्याचा पापुद्रा वर बसतो, खाली लाकूड फुगतं-आक्रसतं, पापुद्रा तडकतो आणि त्या तडेतून गेलेलं पाणी आतच अडकतं. मग सगळं खरवडून काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. मुरणारं तेल सोलपटत नाही, नुसतं झिजतं. नुसतं जवसाचंही घेतलं नाही. उघड्यावर बुरशी त्याच्यावरच पोसते. बाहेरच्या लाकडासाठी केलेलं, थोडा रंग घातलेलं तेल घेतलं. हा रंगच किरण अडवतो. बिनरंगी तेल लावलेला डेक दिसायला सुंदर असतो, पण लवकर राखाडी होतो. रंग डब्याच्या तळाशी बसतो, म्हणून तो सारखा ढवळत राहावा लागतो.

आणि आता ती दुसरी चूक. मागच्या वेळी मी सढळ हाताने तेल ओतलं होतं, लाकूड पिईल तेवढं पिऊ दे म्हणून. प्यायचं ते प्यायलं, उरलेलं वरच सुकलं आणि डेक महिनाभर चिकट राहिला. धूळ, पानं, मांजराचे केस, सगळं त्याला चिकटलं. यंदा ब्रशने पातळ हात दिला, तीन फळ्या एकदम, या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता, कारण मध्ये थांबलं की तिथे सांध्याचा गडद पट्टा उमटतो. मागून २० मिनिटांनी नवरा सुती फडक्याने वर राहिलेलं सगळं पुसत आला. सकाळची वेळ, सावली, आणि पुढचे दोन दिवस पावसाची शक्यता नाही असं बघून. दुसरा हात फक्त पायरीला आणि फळ्यांच्या टोकांना दिला, बाकी फळ्यांना लागलाच नाही. सागवानात स्वतःचंच तेल असतं, ते फार पीत नाही.

तेलाने भिजलेल्या फडक्यांबद्दल मी इथे थांबून सांगणार आहे. जवसासारखी तेलं नुसती वाळत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होऊन ती घट्ट होतात आणि त्यातून उष्णता निघते. फळीवर ती हवेत निघून जाते. पण फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच साठत जाते आणि काही तासांत फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी नको, ठिणगी नको. मागच्या वेळी माझ्या हातून फडकी बादलीत तशीच राहिली होती, आणि तासाभराने उचलताना ती आतून गरम लागली होती. ती ऊब कशाची, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. यंदा प्रत्येक फडकं उघड्यावर, दगडावर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवलं. वेळ नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून, झाकण लावून घराबाहेर ठेवावीत.

डेक वापरात येऊन आता दोन महिने झाले. कुंड्या परत आल्या, पण प्रत्येकीखाली बोटभर उंचीचे पाय आहेत, आणि महिन्यातून एकदा त्या सरकवते. रबरी पाठीचं पायपुसणं काढून टाकलं. रविवारी खराट्याने झाडताना फटींत पट्टी फिरवते. नुकती पडलेली पानं असली की ती लगेच निघतात, दहा मिनिटं पुरतात. तेल पुन्हा केव्हा द्यायचं यासाठी तारीख ठरवलेली नाही. अधूनमधून येण्याजाण्याच्या वाटेवर ओंजळभर पाणी शिंपडते. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक. काही मिनिटांत मुरून डाग गडद झाला की तेवढ्याच फळ्या धुऊन, वाळवून एक हात द्यायचा. डेकखाली आता काहीही ठेवत नाही.

परवा मोठा पाऊस झाला. सकाळी ऊन आल्यावर मी पुन्हा खडू घेऊन बाहेर गेले. फटींच्या कडा अकरापर्यंत कोरड्या झाल्या, कुंडीच्या जुन्या जागेवरची नवी फळी त्याहून आधी. आई त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. पायरीच्या डाव्या टोकाशी मात्र हाताएवढी एक जागा दुपारी तीनलाही गडद होती. टोच्या लावला, टक्क वाजला, म्हणजे लाकूड अजून धड आहे. तिच्याभोवती रेघ मारून ठेवली आहे. काकांना कळवलं आहे. पुढच्या आठवड्यात ती फळी उचलून खाली काय आहे ते बघायचं.